तोंडातले खिळे

आत्याच्या तोंडात एका वेळी तीस-पस्तीस खिळे मावत. खुर्च्या मढवणाऱ्यांची ती जुनी रीतच. बारीक खिळ्यांची चिमूट तोंडात टाकायची, जिभेने एकेक खिळा वळवून त्याचं डोकं ओठांत आणायचं, चुंबकाच्या हातोडीने तिथूनच उचलायचा आणि कापडावर ठोकायचा. डावा हात कापड ताणायला मोकळा राहतो. उचल, ठोक. उचल, ठोक. एकतीस वर्षं दुकानाच्या खिडकीखाली, दोन लाकडी घोड्यांवर खुर्ची उलटी टाकून, तिने हेच केलं. लग्नाचं वय कधी आलं आणि कधी गेलं हे तिला नीटसं आठवत नसे. त्या वर्षी कुठला सोफा उघडला होता, हे मात्र स्प्रिंगांच्या आकड्यासकट आठवे.

आता ज्या बाईचं तोंड दिवसभर खिळ्यांनी भरलेलं, ती बोलणार कशी? आत्या 'हं' म्हणे. कापड कमी पडतंय याचा हं वेगळा, चहा नकोचा वेगळा, आणि 'या माणसाला बाहेर काढ' याचा तर फारच वेगळा. बाकीचं बोलणं धाकट्या भावाकडे होतं. गल्लीत त्याला वकील म्हणत. कोर्टाची पायरी त्याने कधी पाहिली नव्हती, पण समोरच्याला वाक्य पुरं करू न देण्याची विद्या त्याला जन्मजात होती. गिऱ्हाइकाने विचारावं, "खुर्ची शनिवारपर्यंत होईल का?" आत्याने मान हलवून नाही म्हणावं. आणि वकिलाने दोन्ही हात पसरून सांगावं, "म्हणजे कसं आहे, ताई म्हणतात, शुक्रवारीच घेऊन जा."

मग आत्या शुक्रवारपर्यंत मान वर करत नसे.

पहिला बभ्रा झाला तो एका पांढुरक्या कापडाच्या खुर्चीवरून. गिऱ्हाईक बाई खुर्ची परत घेऊन आल्या. कडेने, खिळ्यांच्या रांगेला लागून, तांबूस ठिपके होते. वकिलाने चष्मा कपाळावर चढवला, ठिपक्यावर बोट घासलं आणि निकाल दिला, "गंज. खिळे ओले असणार." बाईंना त्याने नवं कापड कबूल केलं आणि तसाच तडक खिळेवाल्याकडे गेला.

"तुझे खिळे रडतात," तो म्हणाला.

"पंचवीस वर्षं नाही रडले," खिळेवाला म्हणाला.

"मग आता कोण मेलं त्यांचं?"

त्या भांडणातून वकील पितळी खिळे घेऊन आला. पितळेला गंज नाही, म्हणजे प्रश्न मिटला. पण पितळ चुंबकाला चिकटत नाही, ही एवढीशी गोष्ट एकतीस वर्षं त्याच दुकानात बसून त्याच्या लक्षात आली नव्हती. तो बोलत होता ना. आत्याने खिळे तोंडात टाकले, हातोडी ओठांपाशी नेली, खिळा हलेना. मग एकेक खिळा बोटांत धरून ठोकणं आलं, आणि तिसऱ्याच दिवशी हातोडी अंगठ्यावर बसली. अंगठे तिचे पूर्वीही ठेचले होते. या वेळी मात्र काळंनिळं अंगठ्यावर थांबलं नाही. संध्याकाळपर्यंत तळहात, दुसऱ्या दिवशी मनगट. नडगीवर लाल लाल ठिपके होते, कोणी टाचण्यांनी टोचावं तसे. मांड्यांवर खुर्चीची चौकट टेकवून टेकवून पडलेले डाग तर कायमचेच. त्यांच्याकडे कोण बघतंय.

आणि पितळी खिळ्यांच्या कडेनेही कापडावर तांबूस ठिपके उमटत होते.

ते आत्याने पाहिलं. पितळ रडत नाही, हे तिला वकिलापेक्षा बरं ठाऊक होतं. तिने जीभ हिरड्यांवरून फिरवली. लोखंडाची चव होती. तोंडात लोखंड नसताना.

तिने जुने खिळे डब्यातून काढून पुन्हा तोंडात टाकले आणि कामाला लागली.

पण हात भावजयीने पाहिला. भावजयीची प्रत्येक गोष्ट एकाच वाक्याने सुरू व्हायची. "मी काही म्हणत नाही वन्सं, पण हा हात माणसाचा दिसत नाही." मग रक्त तपासलं. प्लेटलेट चौतीस हजार. दीड लाखाच्या वर हव्यात. पुन्हा तपासलं, तेवढ्याच. इतर दहा आजारांच्या दहा तपासण्या झाल्या, कशातच काही सापडलं नाही. मग आत्या आणि वकील रक्ताच्या डॉक्टरीणबाईंपुढे जाऊन बसले.

डॉक्टरीणबाई शांत होत्या आणि 'असं बघा' म्हटल्याशिवाय बोलत नसत. "असं बघा, रक्त थांबवणाऱ्या या पेशी. शरीर चुकून त्यांनाच शत्रू समजतंय आणि मारतंय. का, ते नेहमी सांगता येत नाही. आता औषध द्यायचं की नाही, हे नुसत्या आकड्यावर ठरत नाही. रक्त येतंय का, यावर ठरतं. हिरड्यांतून येतं का? नाकातून? लघवीतून?"

"छे छे," वकील म्हणाला. "म्हणजे कसं आहे, ताई म्हणजे लोखंड आहे. आम्हीच आजारी पडतो तिच्याकडे बघून."

"त्यांना सांगू द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काम काय करता तुम्ही?"

काम काय ते वकिलानेच सांगितलं, खिळ्यांसकट, खिडकीसकट, अभिनयासकट. बाईंच्या कपाळाला आठी पडली. "म्हणजे ते तोंडात धरता? हिरड्यांतून रक्त येत असेल, तर ते पहिल्यांदा बंद करावं लागेल. काही दिवस कामच बंद. येतं का?"

आत्यापुढे खिडकी उभी राहिली. तिथली जागा रिकामी, आणि त्या जागेवर भाचा. भावाचा मुलगा सव्वीस वर्षांचा होता आणि त्याने हवेवर चालणारी पिना मारायची बंदूक आणली होती. फट फट फट, दहा मिनिटांत खुर्ची तयार आणि दहा महिन्यांत बसकी. तिच्या जागेकडे त्याचा डोळा होता. वाईट हेतूने नव्हे, तिथे उजेड चांगला येई म्हणून.

"नाही," आत्या म्हणाली.

बाईंनी बॅटरी लावून तोंडात पाहिलं. "इथे लाल दिसतंय."

"खिळा लागतो कधी. ओरखडा आहे तो."

बाईंनी बॅटरी विझवली. मग लिहून घेतलं. रक्तस्राव नाही. "असं बघा, मग आत्ता औषध नको. नुसतं लक्ष ठेवू. दर आठवड्याला रक्त तपासायचं. पडायचं नाही, आदळायचं नाही, हातोडी नको. खिळे तोंडात नकोतच. आणि अंगदुखीच्या गोळ्या तर अजिबात नाहीत, त्यांनी उरल्यासुरल्या पेशीही कामातून जातात."

एवढी लांबलचक उपचारपद्धती वकिलाने गल्लीत तीन शब्दांत पोचवली. "काही झालेलं नाही."

कारण दुकानात तेव्हा नाट्यगृहाचं काम आलेलं होतं. बारा-बारा खुर्च्यांच्या पाच रांगा, गडद लाल मखमल, आणि तारीख ठरलेली. वकिलाने मखमलीचा तागा उलगडला, हात फिरवला आणि खुशीत म्हणाला, "बघ ताई, देवानेच धाडलं. लाल आहे. आता तुझा गंज दिसायचा नाही."

तो नुसता गंज म्हणाला की आणखी काही, हे आत्याला कळलं नाही. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ते नेहमीसारखं उघडंच होतं.

'हातोडी नको' याचा अर्थ वकिलाने 'मोठी हातोडी नको' असा लावला. 'दर आठवड्याला तपासायचं' याचा अर्थ 'काम संपलं की'. 'गोळ्या नकोत' याचा अर्थ 'त्या कडक गोळ्या नकोत'. खांदा दुखायला लागला की तो गल्ल्याच्या कप्प्यातून गोळ्यांची पट्टी काढून देई. "ही साधी आहे गं. ही मी पण खातो." आत्या घेई. दोष त्याचा एकट्याचा कसा म्हणायचा? तिने बाईंचं ऐकलं होतं. कान तर रिकामेच होते तिचे. पण खांदा बोंबलत असताना मखमल ताणता येत नाही, आणि मखमल ताणता आली नाही तर खिडकीखाली भाचा.

पहिली रांग झाली. दुसरी झाली. तिसऱ्या रांगेच्या चौथ्या खुर्चीवर, दुपारी, तिच्या नाकातून रक्त आलं. आलं ते थांबेना. भावजयीने पंचा दिला, मग दुसरा, मग चादर. दीड तास झाला तेव्हा ती म्हणाली, "मी काही म्हणत नाही, पण आता गाडी बोलवा." लाल मखमलीवर काय किती सांडलं, ते खरोखरच दिसलं नाही. त्या बाबतीत वकिलाचं खरं ठरलं.

आकडा आला सहा हजार.

वकील रुग्णालयातही वकीलच होता. "प्लेटलेटची पिशवी चढवा. काय विचार करता? कमी आहेत ना, मग भरा."

"असं बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तिथे जो मारतोय तो आपल्या घरच्यांनाच सोडत नाही. बाहेरून आलेल्यांना सोडेल? रक्तस्राव जिवावर बेतला तर तेही चढवू. आत्ता आधी मारणाऱ्याचे हात धरायचे." मग दोन दिवस शिरेतून औषध गेलं, हजारो लोकांनी दिलेल्या रक्तातून काढलेलं. ते तात्पुरतं, दोन-तीन आठवडे धरेल तर धरेल. जोडीला स्टेरॉइडच्या गोळ्या.

बाईंनी पंचे पाहिले, तोंड पाहिलं. हिरड्यांवर काळसर फोड आले होते. आता ओरखडा म्हणायची सोय नव्हती. बाई रागावल्या नाहीत. तेच वाईट झालं. त्या नुसत्या म्हणाल्या, "मला आधी कळलं असतं, तर गोळ्या तीन आठवडे आधी सुरू केल्या असत्या."

"म्हणजे कसं आहे," वकील म्हणाला, "तिला बोलायची सवय नाही."

स्टेरॉइडने आत्याचं तोंड फुगलं, गोल झालं, गाल दोन उशांसारखे. भूक इतकी की भावजयीने डबे वरच्या फळीवर हलवले. झोप गेली. साखर वाढली. आणि आणखी एक गोष्ट झाली, जी गोळ्यांच्या कागदावर 'चिडचिड' या एका शब्दात लिहिलेली होती. आत्या बोलायला लागली.

एकतीस वर्षांचं बोलणं. दुकानात तिला आता कामाला हात लावू देत नसत, गिऱ्हाइकांच्या बाकावर बसवत. तिथून ती सुरू होई. भाच्याला म्हणे, "बैठकीखालची नवार ढिली आहे. त्यावर माणूस बसवणार आहेस की कबुतर?" भाचा म्हणे, "टेन्शन नको घेऊ आत्या." ती म्हणे, "मी कशाला घेऊ, ते नवारीला दे. तिला हवंय." गिऱ्हाईक आलं की वकिलाच्या आधी तीच बोले, हुबेहूब त्याच्या आवाजात, दोन्ही हात पसरून, "म्हणजे कसं आहे, ताई म्हणतात शुक्रवारी, आणि ताईंनी तर तोंडही उघडलेलं नाही." गिऱ्हाइकं हसून हसून बेजार. वकीलही हसे, पण त्याचे कान लाल होत.

"औषधाने होतं तिला," तो लोकांना सांगे. "हे उतरेल."

उतरलं. आकडा एक लाख वीस हजारांवर गेला, बाईंनी गोळ्या कमी कमी करत आणल्या, चेहरा ओसरू लागला आणि त्यासोबत आकडाही. साठ. तीस. अठरा. खिडकीखाली भाच्याची बंदूक फट फट करत होती. नाट्यगृहाच्या उरलेल्या खुर्च्या त्याने चार दिवसांत उरकल्या होत्या.

"तात्पुरता बसलोय गं," तो म्हणाला. "तू बरी झालीस की उठतो."

मग बाईंनी सगळ्यांना बोलावलं. "असं बघा, बहुतेकांचं असंच होतं, स्टेरॉइड सोडलं की परत खाली. जन्मभर तर ते देता येत नाही, हाडं ठिसूळ होतात. आता तीन रस्ते आहेत." एक, रोजची गोळी. नव्या पेशी जास्त बनवायला लावते. रिकाम्या पोटी घ्यायची, दुधाच्या वस्तू तिच्यापासून चार तास लांब, यकृतावर लक्ष, आणि बंद केली की आकडा कोसळू शकतो. दोन, आठवड्याला एक अशा चार ड्रिप. निम्म्यांना गुण येतो, पण पुष्कळांचा आजार काही वर्षांनी परततो. तीन, पोटात डाव्या बाजूला असते ती प्लीहा काढायची. पेशी मुख्यतः तिथेच मारल्या जातात. तिघांतल्या दोघांना दीर्घकाळ बरं वाटतं, पण आधी लसी घ्यायच्या, पुढे साधा ताप आला तरी धावत यायचं, आणि शक्यतो पहिलं वर्ष थांबायचं, कारण काहींचा आजार आपोआपही हटतो.

"ऑपरेशन," वकील म्हणाला. "एक घाव. म्हणजे कसं आहे, बाल्कनीच्या ऐंशी खुर्च्यांचं बोलणं चालू आहे."

"मी काही म्हणत नाही," भावजय म्हणाली, "पण ऑपरेशन म्हटलं की अंथरुणात पाणी द्यायला कोण असतं, ते मला माहिती आहे. गोळी बरी."

भाचा म्हणाला, "ड्रिप घे ना. चार वेळा आणि संपलं, टेन्शन नाही."

प्रत्येकाने आपल्याला सोयीचा उपचार निवडला होता. बाई आत्याकडे वळल्या. वकिलाने तोंड उघडलंच होतं.

"तू गप," आत्या म्हणाली. औषध तेव्हा फारसं उरलेलं नव्हतं तिच्या अंगात. "बाई, त्या दिवशी मी खोटं बोलले. दोन महिने रक्त येत होतं. मला वाटायचं खिळ्यांची चव आहे. मग कळलं, तरी बोलले नाही. आणि गोळ्याही खाल्ल्या मी, अंगदुखीच्या. आता मला एवढंच सांगा, यातल्या कशाने खिळे तोंडात धरता येतील?"

"कशानेच नाही," बाई म्हणाल्या. "आकडा पन्नासच्या वर टिकला तर काम करा. हातोडीसुद्धा, जपून. तोंडात मात्र पुन्हा कधीच नाही."

"मग गोळी," आत्या म्हणाली. "ती मीच घेईन, मीच मोजीन. कुणी उचलून द्यायला नको."

गोळी लागू पडली. दीड महिन्यात आकडा नव्वद हजारांवर आला. आत्याने पत्र्याची उथळ वाटी मनगटाला बांधली, खिळे तिच्यात ठेवले आणि हातोडीने तिथून उचलायची सवय केली. पहिल्यांदा अर्धे सांडत. मग कमी सांडू लागले. वेग निम्मा, पण खुर्ची तिचीच. ती रोज भाच्याच्या मागे जाऊन उभी राही, आणि तो म्हणे, "एवढी एक संपवतो, मग बस."

अशात नाट्यगृहाचा व्यवस्थापक आला. बाल्कनीचं काम देण्याआधी त्याची एक शंका होती. मागच्या रांगांतल्या खुर्च्या बसू लागल्या होत्या. पुढच्या दोन रांगा टणक आणि मागे खड्डे.

"कापूस नवीन असतो," वकील म्हणाला. "बसायला वेळ घेतो."

"सगळ्या ताईंच्याच हातच्या ना? मी तुमच्याकडे आलो तो ताईंचं नाव ऐकून."

"म्हणजे काय. साठच्या साठ. विचारा हवं तर." वकील तिच्याकडे वळला. एकतीस वर्षांत त्याने असं शंभरदा विचारलं असेल, आणि शंभरदा हं मिळाला होता.

आत्याच्या तोंडात काही नव्हतं.

"पहिल्या दोन रांगा माझ्या," ती म्हणाली. "आणि तिसरीतल्या तीन. बाकी बंदुकीच्या आहेत. त्यांच्या स्प्रिंगा दोऱ्याने बांधलेल्याच नाहीत, मी खुर्च्या पालथ्या घालून पाहिल्यात. बाल्कनी मला दिलीत तर वेळ लागेल, पण बांधून देईन."

व्यवस्थापकाने दोघांकडे पाहिलं. कळवतो म्हणाला, आणि पुन्हा कधी कळवलं नाही.

वकील त्या दिवशी एक अक्षर बोलला नाही. गल्लीने हा चमत्कार प्रथमच पाहिला. दुसऱ्या दिवशी खिडकीखालचे घोडे हलले होते आणि तिथे बंदुकीला हवा पुरवणारं यंत्र बोल्ट ठोकून पक्कं बसवलं होतं. "तुझ्या तब्येतीसाठीच," वकील यंत्राकडे बघत म्हणाला. "तू वर माळ्यावर बस. बटणं मढव. बसल्या जागी काम, हातोडी नाही, काही नाही. डॉक्टरांनीच सांगितलंय जपायला." भाचा मान खाली घालून पिना भरत होता. या वेळी तो टेन्शन नको घेऊ म्हणाला नाही.

आत्या वर बसते. कापडाच्या टिकल्या कापते, बटणावर ओढते, मागून दाबते. टक्. दिवसाला दोनशे. खालून फट फट ऐकू येतं, आणि नवारीची कुठली पट्टी ढिली राहिली ते तिला आवाजावरून कळतं. हातोडी तिच्या उशाशी असते. तोंडाला कशाचीच चव नसते.

महिन्याची तपासणी आली तेव्हा ती एकटीच गेली.

"शहाण्णव हजार," डॉक्टरीणबाई खूश होत्या. "हिरड्यांतून रक्त?"

"मागच्या मंगळवारी थोडं, दात घासताना. दोन मिनिटांत थांबलं."

"अंगदुखीची गोळी?"

"एकही नाही."

"असं बघा, सगळे पेशंट असं सांगू लागले तर माझं निम्मं काम होईल." बाईंनी सगळं लिहून घेतलं. मग पेन ठेवता ठेवता, सहज, "आणि खिडकीखालचं काम? झेपतंय ना आता?"

आत्याने ओठ मिटले. जणू आत पस्तीस खिळे होते.

"झेपतं," ती म्हणाली.

बाईंनी तेही लिहून घेतलं.